हेलकॅट पूर्वीसारखी ओढत नाही? पुली बदलण्याआधी हे तपासा

मे महिना लागला की मला येणारा प्रश्न ठरलेला असतो: "अजून पन्नास-शंभर घोडे (हॉर्सपॉवर) काढता येतील का?" मी ॲरिझोनात, फिनिक्सजवळच्या एका गॅरेजमध्ये सुपरचार्जर (हवा दाबून इंजिनात भरणारा पंप) असलेल्या अमेरिकन मसल कारवर काम करतो. त्यात डॉज चॅलेंजर हेलकॅट सर्वांत जास्त. फिटरकाम शिकलो ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात.

विचारणाऱ्याला बहुतेक वेळा सुपरचार्जरला लहान पुली बसवून हवी असते, म्हणजे तो जास्त वेगाने फिरेल. गाडी लिफ्टवर घेतली की दिसतं, कंपनीने दिलेलेच घोडे चाकांपर्यंत पोहोचत नाहीयेत. कागदावर ७०७, उन्हात प्रत्यक्षात कितीतरी कमी. अशा गाडीला लहान पुली लावली तर हवा आणखी तापते, इंजिन स्वतःला वाचवायला आणखी मागे हटतं, आणि पैसे देऊन गाडी होती त्याहून मंद होते. हा प्रकार मी इतक्या वेळा निस्तरलाय की आता तपासणीचा क्रम ठरूनच गेलाय. तोच इथे लिहितोय, फुकटच्या गोष्टींपासून सुरुवात करून.

उदाहरण म्हणून २०१५ ची चॅलेंजर एसआरटी हेलकॅट धरतो. ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन, त्याच्या दोन ओळींच्या मधोमध २.४ लिटरचा ट्विन-स्क्रू सुपरचार्जर, जास्तीत जास्त ११.६ पीएसआय बूस्ट (सुपरचार्जरने दिलेला जादा दाब), ७०७ एचपी. किल्लीचा मुद्दा सोडला तर बाकीचं शेल्बी जीटी५०० किंवा कॅमॅरो झेडएल१ यांनाही लागू पडतं, कारण तिथेही हवा गार करायला पाण्याचाच इंटरकूलर आहे.

लक्षणं

सकाळी सहाला गाडी मस्त ओढते, दुपारी तीच गाडी सुस्त.

ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) पहिली फेरी जोरदार, दुसरी बरी, तिसरीला दम गेलेला.

ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं उभी राहिल्यानंतर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर पहिले काही क्षण काहीच घडत नाही असं वाटतं.

बूस्टचा आकडा वर चढतो आणि ५,००० आरपीएमच्या पुढे हळूहळू खाली येतो.

भार आला की गाडी झटके देते, मिसिंग मारते.

लहान पुली बसवली, शीळ वाढली, ताकद मात्र तेवढीच.

यातलं एखादं जरी जुळत असेल तर पुढे वाचा. एक तक्रार मात्र बिघाड नसते, ती आधीच बाजूला काढतो. "डायनोवर ६३० च आले, ७७ घोडे गेले कुठे?" (डायनो म्हणजे चाकांवरची ताकद मोजायचं यंत्र.) कुठेही गेलेले नाहीत. ७०७ हा आकडा क्रँकशाफ्टवरचा, म्हणजे इंजिनातून बाहेर पडतानाचा आहे. गिअरबॉक्स, डिफरेन्शियल आणि टायर आपला वाटा घेतात, म्हणून चाकांवर मोजलं की चांगल्या हेलकॅटचे सव्वासहाशेच्या आसपास निघतात. शिवाय डायनो-डायनोत फरक असतो. तुलना करायची तर एकाच मशीनवर, हवामानाच्या त्याच करेक्शनने, आधी आणि नंतर अशी करा.

किल्ली आणि मोड: खर्च शून्य

हेलकॅटला दोन किल्ल्या मिळतात, लाल आणि काळी. काळ्या किल्लीने गाडी सुरू केली तर इंजिन ५०० एचपीपुढे जातच नाही. पूर्ण ताकद फक्त लाल किल्लीने. आता जुनी झालेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येते, तेव्हा त्याला बऱ्याचदा एकच किल्ली मिळते, आणि ती काळी असते.

नागपूरचा एक मुलगा, इथे नोकरीला असलेला, अशीच जुनी गाडी घेऊन आला होता. "काका, आठशे करून द्या ना." मी म्हटलं, "आधी किल्ली दाखव बाळा." त्याने खिशातून काळी काढली. लाल किल्ली घरी ड्रॉवरमध्ये होती, कारण "ती स्पेअर असेल" असं त्याला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती घेऊन आला. गाडी सुधारली, पण पुरती नाही. त्या गाडीचं खरं दुखणं पुढे इंटरकूलरच्या भागात सांगतो.

गाडीच्या पडद्यावरच्या एसआरटी पानांत पॉवरची मर्यादा वेगळी निवडता येते, तीही पाहा. व्हॅले मोड (गाडी पार्किंगवाल्याच्या हाती देताना लावायचा) चालू राहिला असेल तर गाडी ४,००० आरपीएमच्या वर जाणार नाही आणि पहिला गिअरही देणार नाही. तो चार आकडी पिनने बंद होतो. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे, ते आधी उरका.

पेट्रोल

ही गाडी ९१ ऑक्टेनची आहे. इथे एक घोळ नेहमी होतो, विशेषतः भारतातून नुकत्याच आलेल्यांचा. भारतात पंपावर वर्षानुवर्षं दिसत आलेला ९१ हा आकडा आरओएन या एकाच चाचणीचा आणि तो साध्या पेट्रोलचा. अमेरिकेतला ९१ वेगळ्या पद्धतीने, दोन चाचण्यांची सरासरी काढून लिहितात. तो भारतीय मापात साधारण ९५-९६ होतो. त्यामुळे "९१ म्हणजे आपलं साधंच" असं समजून इथलं साधं, म्हणजे ८७ भरलं तर ते सुपरचार्ज्ड इंजिनाला फार हलकं पडतं.

का महत्त्वाचं? बूस्टखाली दाबलेली गरम हवा आणि हलकं पेट्रोल यांचं मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचायची वाट न पाहता स्वतःहून पेटू शकतं. तेच नॉकिंग. नॉक सेन्सरने ते ऐकलं की कॉम्प्युटर ठिणगी उशिरा देतो. इंजिन वाचतं, ताकद जाते. तुम्हाला आवाज येत नाही, दिवा लागत नाही, फक्त गाडी मंद वाटते. फिनिक्समध्ये बहुतेक पंपांवर ९१ च मिळतं, ९३ सहसा नाही, म्हणजे आपल्याकडे मुळातच फार जागा नाही. टाकी जवळपास रिकामी होऊ द्या, मग वर्दळीच्या पंपावर प्रीमियम, म्हणजे ९१ भरा. असं दोनदा करा आणि मग फरक बघा. बाटलीतली ऑक्टेन वाढवणारी औषधं मी वापरत नाही आणि कुणाला सुचवतही नाही.

एअर फिल्टर

फार लिहिण्यासारखं नाही, पण सोडू नका. इथे पावसाळ्याच्या दिवसांत धुळीच्या भिंती उठतात, त्यांना हबूब म्हणतात. अशा एका वादळात गाडी चालवली तर फिल्टर एका दिवसात गच्च होतो. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. तेल लावायचे कापडी फिल्टर असतील तर तेल जास्त झालेलं नाही ना, बघा. हेडलाइटच्या जागेतून हवा घेणारं तोंड पाचोळ्याने बंद झालेलंही मी पाहिलंय.

आता आकडे बघा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर अंदाज थांबवा आणि मोजा. हेलकॅटच्या पडद्यावरच बूस्ट, इंटेकच्या (इंजिनात शिरणाऱ्या) हवेचं तापमान आणि इंटरकूलरच्या पाण्याचं तापमान दिसतं. नॉकमुळे ठिणगी किती अंश मागे घेतली जातेय हे पाहायला गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा ओबीडी स्कॅनर लागतो. लाइव्ह डेटा नोंदवून ठेवणारा साधा स्कॅनर पुरतो.

पूर्ण ॲक्सिलरेटरची चाचणी सार्वजनिक रस्त्यावर करू नका. सातशे घोड्यांची गाडी क्षणात कायद्याच्या वेगाबाहेर जाते आणि तुमचं लक्ष पडद्यावर असतं. डायनोवर तास भाड्याने घ्या किंवा ड्रॅग स्ट्रिपच्या सरावाच्या संध्याकाळी जा.

या आकड्यांचा अर्थ समजायला थोडं गणित करून बघू. ११.६ पीएसआय बूस्ट म्हणजे हवा बाहेरच्या दाबाच्या साधारण १.८ पट दाबली. बाहेर ४० अंश सेल्सिअस असेल आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर दाबल्यामुळेच हवा ८० अंशांनी तापते. म्हणजे इंटरकूलरच्या तोंडाशी १२० अंशांची हवा. ती परत खाली आणणं हे इंटरकूलरचं काम. इंजिनात जाणारी हवा ४० ऐवजी ६० अंशांची झाली, तर त्याच दाबाला ती ६ टक्क्यांनी विरळ होते. ७०७ चे ६ टक्के म्हणजे चाळीसच्या वर घोडे. हे फक्त विरळ हवेमुळे. वर ठिणगी मागे गेली की नुकसान आणखी वाढतं. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सने सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंशांच्या वर काढले. त्या महिन्यात आमच्याकडे आलेल्या तक्रारी जवळपास सगळ्या एकाच सुरातल्या होत्या.

माझा स्वतःचा ठोकताळा सांगतो. हमरस्त्यावर शांत चालताना इंटेकची हवा बाहेरच्या तापमानापेक्षा १०-२० अंशांनी जास्त असेल तर ठीक. पूर्ण जोर दिल्यावर ती चढणारच. पाहायचं ते हे, की पाय उचलल्यावर दोन मिनिटांत ती खाली येते की नाही. येत नसेल तर उष्णता बाहेर जायचा रस्ता कुठेतरी अडलाय.

आणखी एक खूण. इंटेकची हवा गरम आणि इंटरकूलरचं पाणीही गरम असेल तर पाणी बाहेर गार होत नाहीये: पुढचा रेडिएटर घाणेरडा आहे. हवा गरम पण पाणी गार दिसत असेल तर पाणी जिथे पोहोचायला हवं तिथे पोहोचत नाहीये: हवा धरलीय, पंप थकलाय किंवा आतली जाळी चोंदलीय. या एका फरकाने मला कित्येकदा अर्धा दिवस वाचवून दिलाय.

पट्टा

सुपरचार्जर फिरतो तो क्रँकवरून येणाऱ्या पट्ट्यावर. पूर्ण जोरात असताना हा सुपरचार्जर स्वतः फिरायलाच ८० एचपी घेतो. एका छोट्या गाडीच्या इंजिनाची सगळी ताकद त्या बोटभर जाड रबरातून जाते. तो जरा घसरला तरी बूस्ट पडतो. म्हणून ५,००० आरपीएमनंतर बूस्ट उतरत असेल आणि फिल्टर स्वच्छ असेल, तर माझा पहिला संशय पट्ट्यावर.

इंजिन बंद आणि थंड असताना बघा. पट्ट्याच्या खाचा आरशासारख्या चकाकतायत का? पुलीच्या आसपास काळी भुकटी उडालीय का? पट्टा बोटाने चोळून बघा, तेलकट लागला तर गळती शोधा. वरून येणारा तेलाचा किंवा पॉवर स्टीअरिंगचा एक थेंबही पुरतो. टेन्शनरची (पट्टा ताणून धरणाऱ्या भागाची) खूण त्याच्या ठरलेल्या हद्दीत आहे का, तेही पाहा. आयडलर पुली (पट्ट्याला वाट दाखवणारी मोकळी पुली) हाताने फिरवा. गुळगुळीत फिरायला हवी, खरखर किंवा डुगडुग नको.

पट्ट्यावर चिकट स्प्रे मारू नका. आपल्याकडे पिठाच्या गिरणीच्या सपाट पट्ट्यावर राळ टाकतात, ते तिथे चालतं. खाचांच्या पट्ट्यावर तो चिकटपणा धूळ धरतो, दोन दिवस पट्टा धरल्यासारखा वाटतो आणि मग आधीपेक्षा लवकर घसरतो. पट्टा संशयास्पद असेल तर बदला. नव्या पट्ट्यानेही घसरणं थांबलं नाही तर टेन्शनर बदला.

एकाने स्वस्तातला लहान पुलीचा संच घरी बसवला होता. पुली एक-दीड मिलिमीटर पुढे आली होती. डोळ्यांना दिसत नव्हतं. मी सरळ पट्टी दोन्ही पुल्यांना लावली तेव्हा एका कडेला नख जाईल एवढी फट दिसली. पट्टा दर महिन्याला एका बाजूने झिजत होता आणि तो दर महिन्याला नवा पट्टा घेत होता.

पुढचे रेडिएटर

बंपरच्या मागे रेडिएटर एकामागे एक उभे असतात: इंजिनाचा, एसीचा कंडेन्सर आणि इंटरकूलरच्या पाण्याचा वेगळा. त्यांच्या मधल्या फटीत किडे, पानं, प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात. बाहेरून पाहिलं तर समोरची जाळी स्वच्छ दिसते. टॉर्च घेऊन मधल्या फटीत पाहा.

धुताना पाणी मागून पुढे, कमी दाबाने सोडा. प्रेशर वॉशरचा झोत जवळून मारला की ॲल्युमिनियमचे पातळ पंख आडवे होतात, आणि आडवा झालेला पंख म्हणजे बंद झालेली वाट. वाकलेले पंख ते सरळ करायच्या फणीने, संयमाने उभे करता येतात. एक दुपार जाते, पण या कामाने गाडी सुधारलेली मी बऱ्याचदा पाहिलीय.

इंटरकूलरचं पाणी

हा भाग सावकाश वाचा, कारण गरमीची तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत मूळ दोष मला बहुतेक इथेच सापडतो.

हेलकॅटमध्ये सुपरचार्जरच्या घरातच दोन इंटरकूलर बसवलेत. त्यांच्यातून फिरणारं पाणी इंजिनाच्या पाण्यापासून पूर्ण वेगळं असतं: वेगळी टाकी, वेगळा विजेचा पंप, पुढचा वेगळा रेडिएटर. इंजिनाच्या तापमानाचा काटा व्यवस्थित असताना हे पाणी फार तापलेलं असू शकतं, आणि डॅशवरचा नेहमीचा काटा तुम्हाला ते सांगत नाही.

आधी टाकीची पातळी. इंजिन थंड असतानाच झाकण उघडा, कारण गरम दाबाखालचं पाणी तोंडावर येतं. पातळी कमी असेल तर "भरलं की झालं" म्हणू नका, ते गेलं कुठे ते शोधा. होजच्या क्लिपांखाली आणि पंपाच्या खाली सुकलेले डाग बघा. कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रकारचंच वापरा. दोन जातींचं कूलंट मिसळलं तर कधीकधी त्याचा चिखल होतो, आणि इंटरकूलरच्या बारीक वाटा चोंदायला तेवढा चिखल पुरतो.

मग वाहतं का ते बघा. पंप चालू असताना टाकीत टॉर्च मारून पाहिलं तर पाणी हलताना दिसायला हवं. पंपाची नुसती घूं घूं ऐकून समाधान मानू नका. पंप हवेतही फिरतो आणि तेवढाच आवाज करतो.

नागपूरच्या त्या मुलाच्या गाडीत हेच झालं होतं. त्याच्याकडे येण्याआधी कुणीतरी इंटरकूलरचा एक होज बदलला होता आणि वरून पाणी ओतून झाकण लावलं होतं. सुपरचार्जर इंजिनात सर्वांत उंच बसलेला, त्यामुळे हवा नेमकी तिथेच जाऊन बसली. पुढच्या रेडिएटरचे दोन्ही पाइप मी हाताने धरून पाहिले: एक कोमट, दुसराही तेवढाच कोमट. वर सुपरचार्जरला हात लावला तर चटका. पाणी खालच्या खाली घुटमळत होतं. पडद्यावर पाण्याचं तापमान छान, इंटेकची हवा ऐंशीच्या वर.

उपाय म्हणजे सिस्टीममधली सगळी हवा व्हॅक्यूम पंपाने खेचून घ्यायची आणि मग त्याच निर्वातात कूलंट आत ओढून घ्यायचं. हत्यार महाग नाही, कॉम्प्रेसरवर चालतं, आणि एक फायदा असा की व्हॅक्यूम टिकला नाही तर गळती आहे हे पाणी भरण्याआधीच कळतं. त्या गाडीला हे करायला चाळीस मिनिटं लागली. त्याच डायनोवर आधी चाकांवर ५७० सुद्धा आले नव्हते, नंतर ६२० च्या वर आले. एकही नवा पार्ट लागला नाही.

काही जण उन्हाळ्यात कूलंट कमी आणि पाणी जास्त ठेवतात, कारण पाणी उष्णता जास्त चांगली वाहून नेतं. ते खरं आहे. पण गंजरोधक कमी होतं, आणि हिवाळ्यात फ्लॅगस्टाफला, म्हणजे २,१०० मीटर उंचीवर गेलात की तेच पाणी गोठून इंटरकूलर फोडू शकतं. मी स्वतः कंपनीचं प्रमाण सोडत नाही. ड्रॅग स्ट्रिपवर दोन फेऱ्यांमध्ये बोनेट उघडं ठेवा, गाडीला वेळ द्या. २०१८ च्या डीमनमध्ये कंपनीने एसीची थंडी याच पाण्याकडे वळवली आणि इंजिन बंद केल्यावरही पंप आणि पंखा चालू ठेवला. हवा गार ठेवण्याची किंमत कारखान्यालाही माहीत आहे.

प्लग

या इंजिनात आठ सिलिंडरना सोळा स्पार्क प्लग आहेत, प्रत्येकी दोन. बूस्टखाली हवा दाट असते आणि दाट हवेतून ठिणगीला उडी मारणं अवघड जातं. प्लगच्या टोकांमधला गॅप झिजून वाढला की शांत चालताना काही कळत नाही, पूर्ण भार आला की मिसिंग सुरू होतं. गॅप मॅन्युअलप्रमाणे मोजा, आणि सोळाच्या सोळा एकदम बदला. मागचे काढायला अवघड आहेत म्हणून ते सोडून देणारे भेटतात, आणि नेमका त्यांतलाच एखादा खराब निघतो. काढलेले प्लग क्रमाने मांडून ठेवा. पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर नॉकिंगने पिस्टन खाल्ला जातोय. तिथेच थांबा.

इथे पान्हा खाली ठेवा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर गाडी चालवू नका. टो करून जाणत्या माणसाकडे न्या.

इंटरकूलरचं कूलंट कमी होतंय पण बाहेर कुठेही गळती नाही. इंटरकूलर सुपरचार्जरच्या आत असतो, तो आतून गळला तर पाणी थेट इंटेकमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते पुरेसं साठलं की स्टार्ट करतानाच कनेक्टिंग रॉड वाकतो. संशय असेल तर "एकदा चालू करून बघू" हा मोहही टाळा.

सुपरचार्जरच्या शिळेच्या खाली घरघर किंवा धातू घासल्याचा आवाज. बेअरिंग किंवा गिअर जातायत. आत दोन स्क्रू एकमेकांपासून केसभर अंतरावर फिरतात. ६,२०० इंजिन आरपीएमला ते १४,६०० च्या आसपास जातात. एकदा ते एकमेकांना लागले की तुकडे इंजिनात उतरतात.

चेक इंजिनचा दिवा सतत न लागता उघडझाप करतोय. भाराखाली डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतोय. पांढरा धूर थांबत नाहीये.

स्कॅनरवर पूर्ण भारात मिश्रण पातळ होताना दिसतंय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पंप, इंजेक्टर, प्रेशर यांची तपासणी पेट्रोलच्या लाइनवर काम करणाऱ्यांनीच करावी. बूस्टची गळती शोधायला धुराची चाचणी लागते. बायपास व्हॉल्व्ह (जास्तीची हवा परत फिरवणारी झडप) या गाडीत कॉम्प्युटर चालवतो. ही दोन्ही कामंही योग्य यंत्र असलेल्या गॅरेजची.

गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीही उघडण्याआधी डीलरकडे नोंद करा.

सगळं ठीक निघालं, आता पुली?

आता बोलू. पण नुसती पुली बदलून हेलकॅट फारसं काही देत नाही, त्याचं कारण आहे. बूस्ट ११.६ च्या वर जायला लागला की कॉम्प्युटर बायपास उघडून जास्तीची हवा सोडून देतो. म्हणजे सुपरचार्जर जास्त फिरतो, जास्त ताकद खातो, जास्त तापवतो, आणि वाढलेली हवा परत फिरून येते. लक्षणांतलं शेवटचं तेच आहे: शीळ वाढली, ताकद नाही.

पुली १० टक्क्यांनी लहान केली तर सुपरचार्जर १४,६०० ऐवजी १६,२०० च्या वर जातो. बूस्ट १४ पीएसआयपर्यंत चढू दिला तर वरच्याच हिशेबाने हवा आणखी १३ अंश तापते. त्यासाठी ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची नवी मांडणी) हवं, पेट्रोल पुरतंय याची खात्री हवी, आणि उष्णता काढायला मोठा रेडिएटर किंवा जास्त ताकदीचा पंप हवा. मी आधी रेडिएटर आणि पंप बसवतो, मग ट्यून, आणि पुली सगळ्यांत शेवटी. त्या क्रमात गिऱ्हाइकाला प्रत्येक टप्प्यावर डायनोचा कागद मिळतो, आणि बरेच जण दुसऱ्या टप्प्यावरच थांबतात, कारण उन्हात तिसऱ्या फेरीलाही पहिल्यासारखी ओढणारी गाडी त्यांना पुरते.

ट्यून करणाऱ्याकडे जाताना सोबत काय न्यावं: पूर्ण भाराच्या तीन फेऱ्यांची नोंद, त्यात आरपीएम, बूस्ट, इंटेकचं तापमान, इंटरकूलरच्या पाण्याचं तापमान आणि नॉकचे अंश. कोणतं पेट्रोल आणि कुठल्या पंपावरचं. प्लग केव्हा बदलले. ही नोंद न मागता जो थेट पुलीचा भाव सांगतो, त्याच्याकडे गाडी देऊ नका. आणि जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायला सुचवतो त्याच्याकडेही नको. रस्त्यावरच्या गाडीवर ते केंद्रीय कायद्यानेच बेकायदेशीर आहे, आणि फिनिक्स परिसरात धूर-तपासणीला गाडी अडते ती वेगळीच.